ज्याची पाळी सुटत नाही



लग्नपत्रिकेत आपण वराच्या नावाआधी 'चि.' लावतो. वाढदिवसाला घरची वडील माणसे सात चिरंजीवांचे स्मरण करतात. त्या सातांत पहिले नाव अश्वत्थाम्याचे येते, आणि त्याला अमरपण मिळाले ते शाप म्हणून. जी गोष्ट आपण लेकराला आशीर्वाद म्हणून देतो, तीच एकाला शिक्षा का ठरावी? आज आम्हाला बोलायचे आहे ते एवढ्यावरच. आम्ही शास्त्री नव्हे. कामगारांच्या सभांतून हिंडताना जे वाचले आणि पाहिले, त्याच्या आधारे बोलतो.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो, झोपलेल्यांना मारतो आणि शेवटी उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो, आणि श्रीकृष्ण त्याला तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप देतो. त्या शापात पू आहे, रक्त आहे, व्याधी आहेत. पण खरा डंख निराळा आहे: बरोबर कोणी नसेल आणि बोलायलाही कोणी मिळणार नाही.

आता आपल्या लोकांनी काय केले ते पहा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंभा नावाचा डोंगर आहे. तो अश्वत्थाम्याचा मानतात, आणि दिवाळीच्या सुमारास हजारो लोक तो चढून जातात. नर्मदेची परिक्रमा करणारे सांगतात, की कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो. पोथीने त्याला एकटे टाकले होते. लोकांनी त्याला दाराशी आणला आणि त्याच्या हातात तेलाची वाटी दिली. जो मरू शकत नाही, त्यालाही दुसऱ्या माणसाची गरज उरतेच, हे अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी ओळखले.

हे दुःख केवळ आपल्या देशातले नाही. जपानमध्ये हागिओ मोतो नावाच्या बाईंनी १९७२ पासून मुलींच्या मासिकात 'पो घराणे' ही चित्रकथा लिहिली आणि चितारली. त्यांचा जन्म १९४९ साली ओमुता येथे झाला. चळवळीतल्या माणसांना ते गाव मिइके कोळसाखाणीच्या १९६० च्या लढ्यामुळे माहीत आहे. कथेचा नायक एडगर हा चौदा वर्षांचा मुलगा रक्तपिपासू घराण्यात ओढला जातो आणि कायमचा चौदाच वर्षांचा राहतो. पोरगा वाढत नाही हे शेजाऱ्यांच्या ध्यानात येण्याआधी मुक्काम हलवायचा, हे त्याचे जिणे. बहीण जाते, मग तो ॲलन नावाच्या मुलाला आपल्यासारखा करून सोबतीला घेतो. भेटलेली माणसे म्हातारी होतात आणि हा तसाच. वाचणाऱ्याला त्याची भीती वाटत नाही, कीव येते.

रक्तपिपासू म्हटले की आम्हाला मार्क्सही आठवतो. १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात त्याने भांडवलाला हीच उपमा दिली: ते मृत श्रम आहे आणि जिवंत श्रम शोषूनच जगते. उपमा बिनतोड आहे. पण एडगरची कथा वाचल्यावर वाटते, की जे बदलत नाही आणि जागा सोडत नाही, त्याला जगण्यासाठी दुसऱ्याचे आयुष्यच लागते. ही गोष्ट मालकापुरती थांबत नाही.

आपल्या जिल्ह्यात पुलगाव आणि हिंगणघाट ही गिरणगावे होती. गिरणी दिवसरात्र चाले, पण माणूस दिवसरात्र चालत नसे. भोंगा होई, एक पाळी सुटे, दुसरी येई. साचा तोच, हात नवे. अश्वत्थामा म्हणजे ज्याची पाळी कधीच सुटत नाही असा कामगार. त्याला घरी जायचे नाही आणि त्याच्या जागी येणारा बदलीवालाही नाही.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या संघटनेला 'अखंड उत्तराधिकार' दिला होता. म्हणजे सभासद येतील, जातील, मरतील; संघटना राहील. अमरपण आहे, पण ते वारसांच्या अटीवर आहे. ज्या संघटनेत तेच अध्यक्ष, तेच चिटणीस पंचवीस पंचवीस वर्षे खुर्चीत बसतात, आणि कंत्राटी पोरगा दाराबाहेर उभा राहतो, ती कागदावर चिरंजीव असते. तिची जखम मात्र वाहत असते.

पवनार येथून दूर नाही. विनोबांनी १९५९ साली धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले आणि ते भगिनींच्या हाती सोपवले. १९८२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी अन्न आणि औषध थांबवले आणि १५ तारखेला देह ठेवला. त्यांच्या सगळ्याच मतांशी आमचे जुळत नाही. संपाच्या माणसाचे जुळणारही नाही. पण पाळी संपल्याचे ओळखावे, आणि त्याआधीच काम दुसऱ्यांच्या हाती द्यावे, हे शहाणपण आम्ही मानतो.

तेव्हा मंडळी, मुलाला 'चिरंजीव' जरूर म्हणा. मात्र त्याचा अर्थ, तू कधी मरू नकोस, असा धरू नका. तुझे काम पुढे न्यायला कोणीतरी असो, असा धरा. आणि आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांनी भोंगा ऐकायला कान उघडे ठेवावेत.