त्रिपुरीचा कौल

जबलपूरहून भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांकडे जाताना वाटेत तेवर नावाचे एक लहानसे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. या प्राचीन राजधानीच्या परिसरात मार्च १९३९ मध्ये राष्ट्रसभेचे बावन्नावे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाला जी निवडणूक कारणीभूत झाली, तिच्याइतकी अटीतटीची निवडणूक राष्ट्रसभेच्या तोपर्यंतच्या इतिहासात क्वचितच झाली असेल. राष्ट्रसभेच्या अध्यक्षाला त्या काळी लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत. स्वराज्य अद्याप यावयाचे होते. परंतु लोकांच्या मनात त्या पदाला राज्यप्रमुखाची प्रतिष्ठा लाभलेली होती.

अध्यक्ष बहुधा एकमताने ठरावा, असा तोवरचा रिवाज होता. वडीलधाऱ्या नेत्यांनी नाव सुचवावे आणि प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी त्याला संमती द्यावी, असे चाले. हरिपुरा येथे १९३८ साली सुभाषचंद्र बोस याच रीतीने अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी पुन्हा उभे राहण्याचे ठरविले. अध्यक्षपद केवळ मानाचे नसून त्यामागे निश्चित धोरण असले पाहिजे आणि धोरणांत भेद असेल तर मतदानाने निर्णय व्हावा, ही त्यांची भूमिका होती. मौलाना आझाद यांनी आपले नाव मागे घेतल्यावर आंध्रचे डॉ. पट्टाभी सीतारामय्या हे दुसरे उमेदवार उरले. सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद, जमनालाल बजाज, शंकरराव देव प्रभृती कार्यकारिणीच्या सदस्यांनी पट्टाभींच्या बाजूने पत्रक काढले. अध्यक्षाच्या निवडणुकीचा धोरणाशी संबंध नाही, धोरण राष्ट्रसभा आणि तिची कार्यकारिणी ठरविते, असे त्यांचे म्हणणे होते. पदाला अधिकार कोठून येतो, हा वादाचा खरा विषय होता.

२९ जानेवारी १९३९ रोजी मतदान झाले. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७ मते पडली. अंतर २०३ मतांचे. एकशेदोन प्रतिनिधींनी आपले मत बदलले असते तर निकाल उलटा लागला असता. गांधीजींनी हा पट्टाभींपेक्षा आपलाच अधिक पराभव असल्याचे जाहीर केले, आणि निकालाला निराळाच अर्थ प्राप्त झाला. ज्या प्रतिनिधींनी केवळ दोन उमेदवारांतून एकाची निवड केली होती, त्यांच्यापुढे आता गांधीजींचे नेतृत्व हवे की नको, असा प्रश्न येऊन ठेपला. मतपेटीत टाकलेल्या मताचा अर्थ मत मोजून झाल्यानंतर ठरावा, ही अटीतटीच्या निवडणुकांची जुनी अडचण आहे.

फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. सुभाषबाबू आजारी होते. त्रिपुरीला ते तापाने फणफणलेल्या अवस्थेत आले आणि मंडपात त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. बावन्नाव्या अधिवेशनासाठी बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. परंतु अध्यक्षांच्या जागी त्यांची तसबीर होती. राजकोटच्या प्रश्नावर नुकतेच उपोषण केलेले गांधीजी अधिवेशनाला आलेच नाहीत. अशा रीतीने ज्या दोन व्यक्तींभोवती सारा वाद फिरत होता, त्यांतील एक अनुपस्थित आणि दुसरी अंथरुणाला खिळलेली, असे ते अधिवेशन झाले.

ब्रिटिश सरकारला सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि नंतर देशव्यापी लढा पुकारावा, हा सुभाषबाबूंच्या भाषणाचा गाभा होता. पण अधिवेशनाचे लक्ष गोविंद वल्लभ पंत यांच्या ठरावाकडे लागले होते. जुन्या कार्यकारिणीवर विश्वास व्यक्त करावा आणि अध्यक्षांनी नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे त्या ठरावात म्हटले होते. समाजवादी गट तटस्थ राहिला आणि ठराव संमत झाला. ज्या संस्थेने जानेवारीत अध्यक्ष निवडला, तिनेच मार्चमध्ये त्याचे हात बांधले. यात कायद्याचा भंग कोठेही नव्हता. जानेवारीचा कौल खरा होता आणि मार्चचाही खरा होता. दोहोंचा मेळ मात्र बसत नव्हता. पुढे गांधीजींशी झालेल्या दीर्घ पत्रव्यवहारातूनही कार्यकारिणीची नावे निघाली नाहीत. २९ एप्रिल रोजी, मतदानाला बरोबर तीन महिने झाले असता, कलकत्त्यास सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. मेच्या आरंभी सुभाषबाबूंनी फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना केली.

या प्रसंगाला आदल्या वर्षाची एक पार्श्वभूमी आहे आणि मराठी माणसाला ती विसरता येण्यासारखी नाही. जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी आपल्या मंत्रिमंडळातील रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आदी मंत्र्यांचे राजीनामे मागितले. त्यांनी ते नाकारले, तेव्हा गव्हर्नरने त्यांना अधिकारावरून दूर केले. राष्ट्रसभेच्या श्रेष्ठींनी हा प्रकार शिस्तभंग ठरविला. खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. त्या वेळी राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते. विधिमंडळातील पक्षाने निवडलेल्या नेत्यावर कार्यकारिणीचा वरचष्मा असावा, हे तत्त्व तेव्हा त्यांच्याच अध्यक्षतेखाली अमलात आले. वर्ष सरण्यापूर्वी त्याच तत्त्वाची झळ त्यांना स्वतःला लागावी, यास दैवगती म्हणण्यापेक्षा संस्थांचा स्वभाव म्हणणे अधिक योग्य होईल.

निवडून आलेले पद आणि त्याच्याभोवतीची निवडून आलेली सत्ता यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न दहा वर्षांनी घटना समितीपुढे राज्यपालाच्या रूपाने उभा राहिला. जुलै १९४७ मध्ये समितीने राज्यपाल हा प्रौढ मतदानाने थेट जनतेने निवडावा असे ठरविले होते. १९४८ च्या मसुद्यात त्याला एक पर्यायही सुचविण्यात आला. परंतु १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस समितीने आपला आधीचा निर्णय बदलला आणि राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपतींनी करावी असे निश्चित केले. एकाच राज्यात राज्यपाल आणि मुख्यमंत्री असे दोघेही जनतेच्या मतांवर निवडून आले, तर खरा लोकप्रतिनिधी कोण, हा तंटा नित्याचा होईल, असे मत तेथे प्रबळ ठरले. त्या चर्चेवर त्रिपुरीची छाया होती असे म्हणण्यास आधार नाही. तरीही दोन्ही ठिकाणचा पेच एकाच जातीचा आहे. कौल मिळणे ही एक गोष्ट आणि त्या कौलानुसार कारभार चालविण्याची साधने हाती असणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही. म्हणून राज्यघटनेने राज्यपालाला मतांचे बळ दिले नाही. पण म्हणून वाद संपले असेही नाही. नेमलेल्या राज्यपालाने निवडून आलेल्या मंत्रिमंडळाशी कसे वागावे, हा प्रश्न आजही न्यायालयांपर्यंत जातो.

पट्टाभींचे पुढील आयुष्य या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. १९४८ साली पुरुषोत्तमदास टंडन यांच्याविरुद्ध ते राष्ट्रसभेचे अध्यक्ष निवडून आले. १९५२ मध्ये त्यांची मध्यप्रदेशचे राज्यपाल म्हणून नेमणूक झाली. त्या वेळच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्यात विदर्भाबरोबर जबलपूरही येत होते. ज्या भूमीत त्यांच्या पराभवाचे पडसाद उमटले, तिचेच ते प्रमुख झाले, आणि त्यासाठी त्यांना एकही मत मागावे लागले नाही. त्यांचे मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल.

जबलपूरने मात्र जिंकलेल्या पण पद सोडावे लागलेल्या माणसाची आठवण जपली. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून कमानिया गेट आजही शहराच्या भर वस्तीत उभे आहे. ज्या कारागृहात ब्रिटिशांनी सुभाषबाबूंना ठेवले होते, त्याला आज त्यांचे नाव आहे. पद किती मतांनी मिळाले आणि किती महिने टिकले, याचा हिशेब इतिहास ठेवतो. लोकांचा हिशेब निराळा असतो. परंतु ज्यांना राज्ययंत्र चालवावयाचे आहे, त्यांनी पहिला हिशेब विसरून चालत नाही. एकशेदोन माणसांच्या मनावर अवलंबून असलेला विजय हाही विजयच होय. तो टिकविण्यासाठी जिंकणाऱ्याने हरलेल्या १३७७ जणांशीही बोलावे लागते, आणि हरलेल्यांनी १५८० जणांचा कौल मनापासून मानावा लागतो. त्रिपुरीला या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, आणि त्याची किंमत दोन्ही पक्षांना मोजावी लागली.