गाडीचं ‘नाही’ ऐकायला शिकूया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर ‘वाहन अहवाल’ असं लिहिलंय. अहवाल म्हटलं की आपण जमा-खर्च वाचतो, टाळ्या वाजतात, चहा येतो. आज तसं करायचं नाही. आपल्या पिकअपच्या खर्चात एक नोंद आहे, ‘क्लच दुरुस्ती, ११,४०० रुपये’. ही नोंद माझ्यामुळे झाली. कशी झाली ते तुम्हाला सांगणं माझं काम आहे.

उन्हाळ्यात वरच्या वस्तीची विहीर आटली होती. पाण्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर नेमका त्याच आठवड्यात बंद पडला. वस्तीतल्या बायका माझ्याकडे आल्या. आपल्याच गटातल्या. दोन दिवस घरात पाणी नव्हतं. मी आपल्या ड्रायव्हर दादांना म्हटलं, “आपली पिकअप आहे ना, लावा ट्रॉली मागे.” दादा म्हणाले, “मॅडम, नाही जमायचं. भरलेली ट्रॉली आहे, शाळेपाशी चढ आहे.” मी म्हटलं, “दीड टनाची गाडी आहे, एवढं काय त्यात?” माझं शिक्षण एमएसडब्ल्यू. गाडीचं बॉनेट मी त्या दिवसापर्यंत उघडलं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या, म्हणून दादांनी ट्रॉली जोडली.

शाळेच्या चढावर गाडी अडली. दादांनी अर्ध्या क्लचवर धरून बघितलं. जळका वास आला, खालून धूर निघाला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागे आपल्याच बायका ट्रॉलीला हात लावून ढकलत होत्या. दादा ओरडले, “बाजूला व्हा!” त्यांनी हँडब्रेक ओढला, एका काकूंनी चाकामागे दगड सारला आणि ट्रॉली तिरकी होऊन बांधाला टेकली. कुणाला लागलं नाही. पण त्या काकूंचा हात चाकापासून वीतभर लांब होता. तो हात मला अजून दिसतो.

आता हिशोब करू. आपण बायका हिशोबात पक्क्या आहोत, पण तो त्या दिवशी कुणीच केला नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी २,००० लिटरची. म्हणजे नुसतं पाणीच २,००० किलो, वर ट्रॉलीचं लोखंड वेगळं. आपली गाडी १,५०० किलोची. बरं, ते १,५०० किलोसुद्धा हौद्यात ठेवायचे, मागे ओढायचे नाहीत. हौद्यातलं वजन मागच्या चाकांवर बसतं आणि चाकं रस्ता धरतात. ट्रॉलीचं वजन गाडीला मागे खेचतं. त्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता, म्हणजे दोघांना थांबवायचं काम एकट्या पिकअपच्या ब्रेकवर. त्यात टाकी पूर्ण भरलेली नसली की पाणी हिंदकळतं आणि गाडीला धक्के देतं. म्हणून लक्षात ठेवा: गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ओढायचं वजन दिलं असेल, तर तेवढंच. दिलं नसेल, तर मागे काही जोडायचंच नाही.

मग वस्तीला पाणी कसं मिळालं? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका ग्रामसंघाने ओळखीची पिकअप भाड्याने आणली. तिच्या हौद्यात १,००० लिटरची प्लास्टिकची टाकी पक्की बांधली आणि दोन खेपा केल्या. तेवढंच पाणी, तोच चढ, आणि काहीही झालं नाही. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. गाडीला ‘नाही’ म्हणायचं म्हणजे वस्तीला ‘नाही’ म्हणायचं असं नाही. एक खेप जास्त करायची, एवढंच. दुसऱ्या खेपेचं डिझेल काही शेकड्यांत जातं. आपले ११,४०० गेले. वर गाडी आठ दिवस गॅरेजला उभी राहिली, टोमॅटो दुसऱ्याच्या गाडीने जास्त भाड्यात गेला आणि त्या महिन्याचा बँकेचा हप्ता उशिरा भरला.

त्यानंतर मी गॅरेजच्या मिस्त्रींपाशी आणि दादांपाशी बसून शिकले. ते तुम्हालाही माहीत पाहिजे. गाडी दादा चालवतात, पण कर्ज आपल्या नावावर आहे.

पहिलं, चढ. डिझेल इंजिनाची ताकद कमी फेऱ्यांतही चांगली मिळते. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, अर्ध्या चढावर नाही. क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवायची नाही. क्लचची प्लेट घासते, तापते, जळते. चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढायचा.

दुसरं, उतार. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करायची नाही, इंजिन तर बंद करायचंच नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॅडल दगडासारखं कडक होतं. सारखा ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत.

तिसरं, थांबणं. ओझं घेऊन चढ चढून आलं की लगेच चावी फिरवायची नाही. इंजिन एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. टर्बो खूप तापलेला असतो, ऑइल फिरत राहिलं की तो निवतो.

चौथं, रोज सकाळची पाच मिनिटं. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. ऑइलची पट्टी काढून पुसायची, परत घालून बघायची. कूलंटची पातळी बघायची. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, वाफेने तोंड भाजतं. टायरची हवा, मागच्या पाट्यांना तडा, चाकांचे नट, ब्रेकचं ऑइल, सगळे दिवे. गाडीखाली ओला डाग दिसला तर तो कशाचा, ते विचारायचं. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचतं, ते सांगितलेल्या वेळी काढायचं. पाण्याचा दिवा लागला तर ‘बाजार करून आल्यावर बघू’ असं म्हणायचं नाही. आपल्याकडे कच्च्या रस्त्यांची धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वेळेआधीच बघायचा.

पाचवं, कागद. आरसी बुकात दोन आकडे असतात, मोकळ्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की आपलं ओझं कळतं. केबिनमधली माणसंही त्यातच धरायची. २५ किलोचा एक कॅरेट धरला, तर ६० कॅरेटला १,५०० किलो होतात. म्हणजे माणसं धरून कॅरेट ६० पेक्षा कमीच. “ताई, दोनच वाढवा ना” हे ऐकायचं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला सुधारणा झाली, तेव्हापासून कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,०००. आणि बाजाराला जाताना हौद्यात बायका-पोरं बसवायची नाहीत. ती मालाची गाडी आहे. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायलाही अडचण येते.

आता एक चांगली बातमी. आपल्यातल्या एक ताई गाडी शिकतायत. काही जणी त्यांना म्हणाल्या की पिकअपला वेगळं लायसन लागतं, बाईला कोण देणार? तर ऐका. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाचं लायसन असेल, तर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. आपली पिकअप त्यात सहज बसते. तेव्हा ताई, न घाबरता परीक्षा द्या.

शेवटी, मी आज तीन ठराव मांडते.

एक, गाडीची वही. सकाळची तपासणी, खेप, वजन, किलोमीटर, डिझेल, सगळं तिच्यात. गटाचं लेखे आपण दर बैठकीला बघतो, तशी ही वही दर महिन्याला सभेत वाचायची. दर महिन्याला दोन वेगळ्या ताई सकाळच्या तपासणीला हजर राहतील.

दोन, दुरुस्ती निधी. प्रत्येक खेपेच्या भाड्यातून ठरावीक रक्कम बाजूला. किती, ते आज तुम्ही ठरवा.

तीन, वजनाच्या बाबतीत गाडी चालवणाऱ्याचं ‘नाही’ शेवटचं. समोर अध्यक्ष असो, सरपंच असो की मी असो. त्या दिवशी दादा बरोबर होते आणि मी खुर्चीच्या जोरावर त्यांना गप्प केलं. दादा, मी इथे सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.

ठरावाला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा. शंका असेल त्यांनी आधी विचारा. सभा संपल्यावर गाडी बाहेर उभी आहे, बॉनेट उघडून ठेवलंय. ऑइलची पट्टी प्रत्येकीने एकदा हातात घेऊन बघा, मगच घरी जा.

जय सावित्री!