दार कोणत्या हाताने उघडलं?



माझ्यानंतर फिशपाँड आहेत, हे सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मला आत येतानाच सांगून ठेवलंय. म्हणजे मी वेळेत आवरावं. काळजी करू नका. मी सिनेमाची संकलक आहे. लांबलेलं कापणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

तुमच्या जनसंज्ञापन विभागाच्या मुलांनी यंदा प्रकल्प म्हणून एकेका सिनेमाची फक्त सुरुवात केली. अख्खा सिनेमा नाही, शॉर्टफिल्मही नाही. नामावलीसकट दोन मिनिटं, आणि त्यापुढचा सिनेमा कधीच बनणार नाही. इतर शाखांच्या मुलांना हा प्रकार चमत्कारिक वाटला असेल. इंग्लंडमध्ये ओसीआर नावाचं परीक्षा मंडळ आहे. त्याच्या मीडिया स्टडीजच्या अभ्यासक्रमात आपल्या अकरावीच्या वयाच्या मुलांना बरीच वर्षं हेच काम असायचं. आधी एक सराव: एक पात्र दार उघडून आत येतं, खोली ओलांडतं, समोरच्या माणसापुढे खुर्चीत बसतं आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. मग दोन मिनिटांपर्यंतची सिनेमाची सुरुवात. आणि शेवटी सात प्रश्न, त्यातला सातवा असा, की त्या सरावापासून इथवर येताना तुम्ही काय शिकलात? तुमच्या सरांनी तो आराखडा उचलला आणि थेट तुमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर आणून सोडला.

पाच गटांच्या पाच फिल्म आणि ‘आम्ही काय शिकलो’ ही टिपणं त्यांनी मला आधीच पाठवली होती. पाचांतल्या तीन फिल्म गजराने सुरू होतात. हात येतो, मोबाइल गप्प करतो, मुलगा उठतो, आरशात बघतो, दात घासतो. मी जिथे जिथे शिकवायला जाते तिथे मुलं झोपेतून उठल्याशिवाय सिनेमा सुरूच करत नाहीत. तुम्हाला त्या मुलाचा दिवस सकाळपासून माहीत असतो, म्हणून तुम्ही सकाळपासून सांगता. प्रेक्षकाला त्याच्या दातांशी काय देणंघेणं?

आता टिपणांकडे येते. बहुतेकांनी लिहिलंय: कॅमेरा हाताळायला शिकलो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकलो, टीमवर्क शिकलो, वेळेचं नियोजन शिकलो. बायोडेटात शोभून दिसेल असं सगळं. यातलं सॉफ्टवेअर मी खरं म्हणजे शिकण्यात धरणारच नाही. मी शिकले तेव्हा आम्ही फिल्म स्टीनबेकच्या टेबलावर चढवायचो, हाताने कापायचो आणि टेपने जोडायचो. ते टेबल आज संग्रहालयात मांडलेलं असतं. तुमच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअरही त्याच वाटेने जाईल. मला रस होता तो टिपणांच्या मधल्या पानांत, जिथे तुम्ही छापील भाषा विसरलात आणि भांडणं लिहायला लागलात.

एका गटाने दाराच्या सरावाबद्दल दीड पान लिहिलंय. बाहेरच्या शॉटमध्ये मुलगा उजव्या हाताने कडी काढतो. आतल्या शॉटमध्ये दार उघडतं तेव्हा त्याच्या उजव्या हातात डबा आहे आणि दार डाव्या हाताने ढकललंय. दोन शॉटच्या मध्ये कुणीतरी ‘चहा आला’ म्हणून ओरडलं होतं. शूटिंगच्या वेळी सहा जण तिथे उभे होते, एकालाही दिसलं नाही. संकलनाला बसल्यावर पहिल्या फटक्यात दिसलं. हालचाल चालू असतानाच कट मारला, की बघणाऱ्याचा डोळा हालचालीमागे जातो आणि कट जाणवत नाही. म्हणूनच आम्ही हात कडीवर फिरत असताना कापतो, फिरून झाल्यावर नाही. पण हातच बदलला तर ती सगळी जादू बोंबलते. त्याच सरावात समोरासमोर बसलेले दोघं मध्येच एकाच दिशेला बघू लागतात, कारण कॅमेरा दोघांमधली रेषा ओलांडून पलीकडे गेला. हे तर कोल्हापूरकरांना शिकवायलाच नको. शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच असली की चित्रीकरणाचे मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला लावतात. एक जरी पलीकडून लावला, तरी आपला फॉरवर्ड आपल्याच गोलकडे पळताना दिसेल आणि गॅलरीतली मंडळी कॅमेरामनला घरी जाऊ देणार नाहीत.

मला भावली ती रंकाळ्याची फिल्म. कॉलेजातली एक मुलगी काठाच्या दगडी पायऱ्यांवर बसलीय. मांडीवर निळी कापडी पिशवी. फोन वाजतो, ती उचलत नाही. पिशवीत काय आहे? वडील गेल्यावर चप्पल लाईनमधल्या त्यांच्या दुकानातून तिने आणलेली हत्यारं. दुकान विकायचं की चालवायचं, हा त्या न बनणाऱ्या सिनेमाचा विषय. पहिल्या खर्ड्यात हे सगळं मुलीच्या आवाजात सांगितलं होतं: वडील कसे होते, आजारपण, काकांचा दबाव, सगळं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. गटातल्या पाचही जणांना ते पाहून गहिवरून आलं, असं टिपणात लिहिलंय. येणारच! कथा त्यांचीच, ती त्यांना पाठ होती.

मग त्यांनी ती कॅन्टीनच्या काकूंना दाखवली. काकूंनी गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवत पाहिली आणि म्हणाल्या, “सगळं तर सांगूनच टाकलासा, आता बघायचं काय?” काकू, तुम्ही हसताय, पण आमच्या धंद्यात याच वाक्यासाठी निर्माते जाणकारांना बोलावतात.

गटात भांडण झालं. निवेदन लिहिणारा मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. शेवटी अख्खं निवेदन काढलं आणि त्याजागी एकच शॉट घेतला: मुलगी पिशवीतून रापी काढते आणि ओल्या दगडावर ठेवते. चामडं कापायची ती रापी वर्षानुवर्षं घासून मध्यभागी झिजलीय, आणि लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. मुलगी आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहते. तो लहान पडतो. पुन्हा फोन वाजतो, आणि सिनेमाचं नाव येतं. संपलं. एक मिनिट बावन्न सेकंद.

हा शॉट पुन्हा काकूंना दाखवला का, ते टिपणात नाही. दाखवायला हवा होता. पण हा बदल ज्यांना सुचला ते काय शिकले, हे त्यांनी ‘एडिटिंग’ या एका शब्दात गुंडाळून टाकलंय, ते मला पटलं नाही. स्वतःला जे माहीत आहे ते विसरून, आपलंच काम ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाच्या डोळ्याने बघायला ते शिकले. पूर्ण सिनेमात ही कसोटी इतकी कडक नसते, कारण तासाभराने प्रेक्षक तुमच्या पात्रांना ओळखू लागलेला असतो, चूकभूल पोटात घालतो. सुरुवातीला त्याच्याकडे काहीच नसतं. म्हणून मला विचाराल तर हा प्रकल्प शॉर्टफिल्मपेक्षा अवघड आहे.

थोर मंडळींनी ही सुरुवात कशी केली ते बघा. प्रभात फिल्म कंपनीचा जन्म १९२९ साली तुमच्याच गावात झाला, आणि पुण्याला गेल्यावर व्ही. शांताराम यांनी १९३४ साली ‘अमृतमंथन’ केला. त्याच्या सुरुवातीच्या भागात अंधारातून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर येतो. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा. त्या माणसाचं नाव, गाव, हुद्दा कळायच्या आधी त्याची भीती वाटते. आणि अलीकडचं सांगायचं तर नागराज मंजुळे यांचा २०१३ चा ‘फँड्री’. जब्या बेचकी घेऊन काट्याकुट्यांतून काळ्या चिमणीच्या मागे हिंडतोय. तो कोण, कुठल्या जातीचा, घरी काय आहे, कुणी बोलून सांगत नाही. तेव्हा आपल्याला वाटतं, पोरगं पाखरं मारतंय. त्याच पोराच्या हातातला दगड सिनेमाच्या शेवटी कुठे येतो, ते तुम्हाला माहीत आहे. मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा पहिला लघुपटही नगरला शिकत असतानाच केला होता, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणून मुलांनो, कॉलेजचा प्रकल्प म्हणजे फक्त मार्कांचं काम असं समजू नका, एवढंच.

रंकाळ्याच्या गटाची आणखी एक फजिती. पहिल्या दिवशी मुलीच्या मागे पाण्यावर हिरवीगार जलपर्णी होती. पुढच्या रविवारी उरलेले शॉट घ्यायला गेले तर जलपर्णी काढलेली, पाणी मोकळं. गावाच्या दृष्टीने आनंदाची बातमी, यांची मात्र पाचावर धारण बसली. सत्यजित राय यांचंही असंच झालं होतं. ‘पथेर पांचाली’चं पहिलं चित्रीकरण ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या पांढऱ्याशुभ्र माळावर सुरू झालं. पुढच्या आठवड्यात युनिट परत गेलं तोवर गुरांनी फुलं खाऊन टाकली होती. राय पुढच्या मोसमाची फुलं येईपर्यंत थांबले. तुमच्याकडे सबमिशनची तारीख होती, म्हणून तुम्ही उरलेले शॉट इतके जवळून घेतले की मागचं पाणी फ्रेममध्येच येईना. राय यांनी केलं ते थोर होतं, तुम्ही केलंत ते धंद्याला धरून होतं. त्या अडचणीमुळेच तो अंगठ्याचा शॉट इतका जवळून आला, हे टिपणात कुठेतरी कंसात लिहिलंय. ते कंसाबाहेर काढा.

टीमवर्कचंही तसंच. चौथ्या गटातल्या एका मुलाने लिहिलंय, ‘माझं काम थर्माकोल धरणे.’ एवढंच. मी त्याची फिल्म पुन्हा लावून पाहिली. दुपारच्या टळटळीत उन्हात मुलीच्या डोळ्यांखाली कुठेही काळी सावली नाही. म्हणजे तो पठ्ठ्या थर्माकोलचा पांढरा तुकडा योग्य कोनात धरून, न हलता उभा राहिलाय. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात अंधार करून कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत बसायच्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. १९१३ च्या त्या सिनेमाचं कौतुक सांगताना ती भोकं कुणाच्या लक्षात येत नाहीत. भोकं वाकडी असती तर फिल्म कॅमेऱ्यातून सरळ सरकलीच नसती. थर्माकोलवाल्या, तू कुठे बसलायस? हात वर कर. हां. नामावलीत तुझं नाव नाही, ते घालायला लाव.

आवाजाबद्दल मात्र सगळ्यांनी दोन ओळींत उरकलंय, आणि पाचही फिल्म तिथेच कच्च्या आहेत. रंकाळ्यावर वारा. त्यावर एका मुलीने आजोबांची लोकरी माकडटोपी माइकवर चढवली. विनोदी दिसतं, पण तत्त्व अगदी बरोबर आहे. आमच्याकडची महागडी केसाळ कव्हरं दुसरं काही करत नाहीत. दुसऱ्या गटाने चित्र मोबाइलवर घेतलं आणि आवाज वेगळा रेकॉर्ड केला, पण टाळी वाजवायला विसरले. क्लॅप ही शोभेची वस्तू नाही. पाट्या एकमेकींवर आपटतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला तो टोकदार कंगोरा एकमेकांना जुळवायचा असतो. त्याशिवाय ओठ आधी आणि शब्द मागून, असं होतं. मोबाइल तर फ्रेमचा वेग स्वतःच थोडा कमीजास्त करत राहतो, म्हणून सुरुवातीला जुळवलेलं शेवटी पुन्हा सुटतं. आणि तिसऱ्या गटाने सगळ्या चुका झाकायला वर संगीत ओतलंय. १९३७ च्या ‘कुंकू’त शांताराम यांनी पार्श्वसंगीत न वापरता प्रसंगातल्याच आवाजांवर काम भागवलं. घड्याळाचा ठोका, ग्रामोफोन, घरातली खुडबुड. पुढच्या वर्षीच्या मुलांनी संगीताला हात लावायच्या आधी तो सिनेमा एकदा डोळे मिटून ऐकावा.

आता एक मागणं, आणि मी थांबते. कॅमेऱ्यासाठी पैसे मागणार नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः खपून कॅमेरा तयार केला आणि त्याच्यावर सिनेमे काढले, तिथे खिशात मोबाइल असताना कॅमेऱ्याचं रडगाणं चालत नाही. पण प्राचार्य महोदय, विभागाला एक बरा माइक, लांब दांडी आणि हेडफोन एवढं घेऊन द्या. खर्च एका गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमी आहे, मघाशी मंडपवाल्याला विचारूनच बोलतेय. आणि मुलांची ही टिपणं, भांडणांच्या पानांसकट, ग्रंथालयात पुढच्या वर्गासाठी ठेवा. नवीन मुलं पाठ्यपुस्तकाच्या आधी ती वाचतील. प्राचार्यांनी मान हलवलेली आहे. तुम्ही सातआठशे जणांनी ती पाहिलीय, आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलाने शूटही केलीय.