पाण्याखालची बाग आणि कर्बवायु

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कभोंवतीं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत राहणाऱ्याला अंगण मिळत नाहीं. अशा घरीं कोणी काचेच्या पेटींत पाण्याखालची बाग लावूं म्हणेल, तर त्यांत नवल तें काय? पण थोड्याच दिवसांत पानें खुरटूं लागतात, आणि दुकानदार सांगतो कीं, पाण्यांत कार्बन डायऑक्साइड सोडा. हा कर्बवायु कोणाला द्यावा, किती द्यावा आणि केव्हां बंद करावा, याचा विचार आज करूं.

शाळेंत हायड्रिलावर नरसाळें उपडें घालून तें उन्हांत ठेवण्याचा प्रयोग आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला कीं बुडबुडे वाढतात, कारण त्यांतून वनस्पतीला कर्ब मिळतो. यान इंगेनहौस या शास्त्रज्ञानें १७७९ सालीं दाखवून दिलें कीं, पानें प्राणवायु सोडतात तो केवळ उजेडांत; अंधारांत तींहि आपल्यासारखींच हवा दूषित करितात.

उघड्या पाण्यांत हा वायु लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो, आणि हवेच्या मानानें पाण्यांत तो सुमारें १०,००० पटींनीं सावकाश पसरतो. तरीहि प्रत्येक पेटीला सिलिंडर हवाच असें नाहीं. आमच्याकडील बोअरचें पाणी बहुधा जड असतें. हायड्रिला व व्हॅलिसनेरिया यांना त्यांतील बायकार्बोनेटांपासून कर्ब काढून घेतां येतो. त्यांच्यासाठीं पैसे खर्चणें मला तरी उधळपट्टी वाटते. तांबड्या पानांची रोटाला मात्र जादा वायूवांचून बहुधा खुरटते.

सिलिंडरावर रेग्युलेटर, वायु अगदीं बारीक सोडणारा नीडल व्हॉल्व्ह, पाणी उलट चढूं न देणारी एकमार्गी झडप, आणि शेवटीं वायूचे सूक्ष्म कण करणारी डिफ्यूझरची चकती, असा हा थाट आहे. बुडबुडे मोजून अंदाज बांधणें फसवें. पेट्या लहानमोठ्या, बुडबुडेहि लहानमोठे. पाण्याच्या आम्लतेवरून हिशेब करावा, तर हिंजवडींत आज टँकरचें पाणी, उद्यां बोअरचें! म्हणून पेटींत काचेची लहानशी कुपी लावतात. तींत ठराविक क्षारतेचें पाणी व ब्रोमोथायमॉल ब्लू असतें. पेटींतील पाणी त्यांत मिसळत नाहीं, केवळ वायु शिरतो. रंग निळा असेल तर वायु कमी, हिरवा झाला तर लिटरला सुमारें ३० मिलिग्रॅम, आणि पिवळा झाला तर माशांवर संकट.

परंतु ही कुपी तास-दोन तास मागें असते. सकाळीं घाईनें स्क्रू फिरवून कचेरीस गेलेल्या गृहस्थाला संध्याकाळीं मासे उताणे तरंगतांना दिसावयाचे. पाण्यांत हा वायु फार झाला कीं, माशाच्या रक्तांतला वायु कल्ल्यांतून बाहेर पडेनासा होतो. भोंवतीं प्राणवायु असूनहि तो वर येऊन तोंडाची उघडमीट करितो. असें दिसतांच वायु बंद करावा व हवेचा पंप लावून पाणी घुसळावें. फेरफार सुट्टीच्या दिवशींच, थोडाथोडा करावा. दिवा लागण्यापूर्वीं तास-दोन तास वायु सुरू व्हावा आणि दिवा मालवण्याच्या तासभर आधीं थांबावा. टायमर व सोलेनॉईड व्हॉल्व्ह हें काम करितात, आणि वीज गेली तरी झडप मिटते. साखर-यीस्टच्या बाटलीला ही शिस्त नाहीं. ती रात्रभर फसफसतच राहते.

आतां माणसांविषयीं. २ किलो वायु सारा सुटला, तर तो सुमारें ११०० लिटर जागा व्यापतो. १० फूट लांब, रुंद व उंच अशा खोलींत हवा २८,००० लिटर. म्हणजे शंभरांत ४ भाग, आणि एवढें प्रमाण जिवास धोक्याचें आहे. हा वायु हवेहून जड असल्यानें जमिनीलगत सांचतो, व त्याला वासहि नाहीं. शिवाय ३१ अंशांवर तो द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं, आणि एप्रिलच्या दुपारीं सिलिंडरांतील दाब झपाट्यानें चढतो. म्हणून सिलिंडर काठोकाठ न भरतां, ठरलेल्या वजनापुरताच भरून घ्यावा. तो उभा बांधून, उन्हापासून दूर, हवेशीर बैठकींत ठेवावा. जेथें लहान मुलें जमिनीवर अंथरूण घालून झोपतात, त्या खोलींत तो असूं नये.