भिंत गावाची, चित्रही गावाचे



शाळेच्या भिंतीवरील चित्र सगळा गाव वर्षानुवर्षे पाहतो. म्हणून त्याचा आराखडा एकट्या चित्रकुशल विद्यार्थ्याने ठरवू नये. कोलाज, अर्थात चिकटचित्र, हे सर्वांना सहभागी करून घेण्याचे सोपे साधन आहे.

भित्तिचित्र अनेक हातांनी घडते. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ साली मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र रंगविले, तेव्हा विद्यार्थी त्यांच्या हाताशी होते. त्यांतील के. जी. सुब्रह्मण्यन यांनी पुढे बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत अनेक वर्षे अध्यापन केले. १९५७ साली मुखर्जींची दृष्टी गेली. तरीही त्यांनी कागद कापून चित्रे रचली आणि १९७२ साली शांतिनिकेतनातच फरशांचे भित्तिचित्र सिद्ध केले.

वर्गात भिंत १२ फूट लांब व ६ फूट उंच धरल्यास, फुटाला २ इंच या प्रमाणात २४ इंच लांब व १२ इंच रुंद कागद घ्यावा. जुनी वर्तमानपत्रे, पतंगाचा कागद व खळ एवढे साहित्य पुरते. प्रत्येकाने एक आकार कापावा. खळ मात्र लगेच लावू नये. तुकडे सरकवून पाहावेत, ग्रामस्थांना दाखवावेत, त्यांच्या हरकती ऐकाव्यात. रंगविलेली रेघ पुसण्यास मन धजत नाही. सुटा तुकडा सहज हलतो. चित्र येत नाही म्हणून मागे बसणाऱ्या मुलीचा तुकडाही अशा रीतीने भिंतीवर पोचतो. सर्वांचे एकमत झाल्यावर तुकडे चिकटवावेत आणि चौकटी आखून चित्र भिंतीवर मोठे करावे.

जिच्या घडणीत गावाचा हात लागला, त्या भिंतीवर कोणी जाहिरात चिकटवू लागल्यास त्यास अडविणाराही गावच असेल.