धुऱ्यावरचा दगड



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींची आज्ञा झाली, बुवा, दोन शब्द सांगा. आम्ही चौथी शिकलेले कास्तकार. पोथी वडिलांनी शिकवली, वखर बैलांनी शिकवला. मोठं ज्ञान आमच्याकडून निघणार नाही. वावरात अन् वाटेवर जे आमच्यावर बेतलं तेच सांगतो. त्यात चूक आमचीच आहे. चारचौघांत ती पहिल्यांदाच सांगत आहो.

तुम्हाला वाट ठाऊक आहे. नाचणगावाहून निघालं, पुलगावला वर्धेचा पूल ओलांडला की आपला जिल्हा संपला. मग धामणगाव, कारंजा, वाशीम, हिंगोली, परभणी. गंगाखेडला, जनाबाईच्या गावी, गोदावरीचं स्नान. पुढं परळी, अंबाजोगाई, बार्शी, अन् मग पंढरपूर. पाचशे किलोमीटरच्या वर चाल. आषाढी गाठायची तर आळंदीवाल्यांच्याही आधी घर सोडावं लागते. नेमकं तेव्हाच मृग लागते. सारं गाव पेरणीला भिडते अन् आपण टाळ घेऊन निघतो.

मग आपलं वावर पेरते कोण? हा विचार आम्ही लय वर्षं केलाच नाही. आमचं वावर धाकटा भाऊ पेरत होता.

वडिलांच्या मागं वाटणी झाली. आठ एकराचे दोन हिस्से, चार त्याचे, चार आमचे. मधात धुरा, अन् धुऱ्याच्या टोकाला वडिलांनी स्वतः रोवलेला दगड. दर उन्हाळ्यात आम्ही आमचं वावर वखरून ठेवायचे अन् ज्येष्ठात दिंडीसोबत निघायचे. पाणी आलं की भाऊ आधी आमची सरकी लावायचा, मग स्वतःची.

आता ऐका. वखर धुऱ्याजवळ आला की आम्ही बैल जरासे त्याच्या अंगाला दाबायचे. एका साली एक वीत. वीतभर म्हणजे काय, नऊ इंच. कोणाच्या डोळ्यांवर येते? दगड आड येऊ लागला तेव्हा तोही सरकवला. मनाला सांगितलं, पावसानं कलला होता, सरळ केला. पाप करणाऱ्याजवळ कारण नेहमी तयार असते बाप्पा! अशी दहा वर्षं गेली. दहा वितांचे साडेसात फूट होतात. धुरा चारशे फूट लांब. म्हणजे अदमासे पावणेतीन गुंठे. पऱ्हाटीची दोन तासं त्यात आरामात बसतात.

अन् हेच आम्ही गळ्यात माळ, कपाळी गंध लावून गावोगाव कीर्तन करत होतो.

अकराव्या साली भाऊ म्हणाला, दादा, यंदा मीही येतो. त्याची पोरं मोठी झाली होती, पेरणी त्यांच्यावर सोपवली. सारी वाट तो आमच्या मागच्या ओळीत चालला. बार्शी सुटल्यावरच्या मुक्कामी आमचं कीर्तन होतं. अरण जवळ आलं म्हणून सावता महाराजांचं चरित्र लावलं. सांगितलं, सावतोबांनी मळा सोडला नाही, देवच त्यांच्या मळ्यात आला. ज्याचं वावर चोख, त्याला वावरातच पंढरी. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कीर्तन संपल्यावर रीतीप्रमाणं सारे पाया पडले. त्यात भाऊही पडला. आपल्या वारीत लहानमोठं नाही, म्हणून आम्हीही त्याच्या पायाला हात लावला, म्हणालो, माउली!

रात्री एकाच घोंगडीवर पडलो. भाऊ हळूच म्हणाला, "दादा, आज कीर्तन चांगलं झालं. एक विचारू? पाया इथं पडता, मंग धुऱ्यावर काउन नाही?"

आम्ही गप्प.

तो म्हणाला, "मले पहिल्या सालापासून माहीत आहे. पेरणारा मीच ना. माह्या वावरातली तासं दरसाल मीच तुमच्या नावानं पेरतो. वहिनी वेचतात, तेव्हा मी तिकडं पाहत नाही."

"मंग बोलला काउन नाहीस?"

"बोललो असतो तर तुमची वारी चुकली असती."

मायबाप हो, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर आम्ही भांडलो असतो. तलाठी बोलावला असता, कोर्टात गेलो असतो, अन् तिथं कदाचित जिंकलोही असतो. या बोलण्याला उत्तर नव्हतं. त्या साली पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवलं, पण डोळ्यांपुढं विटेच्या जागी धुऱ्यावरचा दगड होता.

काल्याचा प्रसाद घेऊन घरी आलो. उभं पीक उपटता येत नव्हतं. वेचणी लागली तशी त्या दोन तासांचा कापूस वेगळा वेचून भावसुनेच्या ओसरीवर नेऊन टाकला. उन्हाळ्यात गावातले दोन वडीलधारे बोलावले, दोरीनं मोजलं, अन् दगड दोघा भावांनी मिळून उचलून जुन्या जागी रोवला. सरकवताना तो एकट्यानं सरकला होता. परत आणताना दोघं लागले. मागच्या दहा सालांच्या कापसाचं आम्ही काढलं, तर भाऊ म्हणाला, ते वारीच्या खर्चात गेलं समजा. ते देणं आमच्यावर अजून आहे. भाऊ आज मंडपात मागं बसला आहे. त्याला विचारूनच हे सांगितलं.

धुरा एकट्या वावरातच असते असं नाही. मनातही असते. लोभी माणूस धुरा पुढं ढकलते, अहंकारी माणूस धुऱ्यावर काटे लावते. आपल्या वर्ध्यातच १९२८ साली जमनालालजी बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या लोकांना उघडं केलं. पंढरपुरात तेच व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ज्या दारात आपण शेकडो वर्षं सर्वांना माउली म्हणत होतो, त्याच दारात आपलीच माणसं उन्हात उभी होती. म्हणजे आमच्यासारखंच झालं की नाही? पाया वाटेवर पडायचं अन् धुरा तसाच ठेवायचा.

म्हणून या शंभराव्या वर्षी एवढंच मागणं आहे. पताका खांद्यावर घ्यायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या धुऱ्यावर एक चक्कर मारून यावं. कोणाची वीत आपल्याकडं असेल तर देऊन निघावं. अन् घरी राहून जो पेरते, जी माय लेकरं-ढोरं सांभाळते, तिच्या पाया पडून निघावं. आपली वारी त्यांच्याच खांद्यावर चालते. शंभर वर्षं जे चालले त्यांची नावं या पुस्तकात येतील. जे घरी राहून पेरत होते त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. पांडुरंगाजवळ मात्र ती असतील, असा आमचा भरवसा आहे.

चुकलं माकलं पदरात घ्या. रामकृष्णहरी.