सासूबाईंची खिडकी

आम्ही दापोली तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. माईकसमोर दोघीच बसलोय, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

गेल्या चैत्रात आमच्यातल्या एकीने गटाकडे 40 हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर खिडक्या बदलायला. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, जांभ्या दगडाचं. मुंबईचा मुलगा म्हणाला, आई, सगळ्या काढ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसव. सासूबाईंनी अबोला धरला. त्यांची उभी दुपार ओटीवरच्या खिडकीशी जाते.

घर तिचं, आम्ही कोण सांगणार? पण हप्ता तिलाच फेडायचा होता, म्हणून आधी बघायला गेलो.

खिडक्या सात. आम्ही गोधडीचं दाभण घेतलं आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या पट्टीत टोचून पाहिलं. पाच ठिकाणी लाकूड टणक लागलं, नुसता रंग उडाला होता. पश्चिमेच्या दोन खिडक्यांत मात्र दाभण लोण्यात जावं तसं गेलं. पागोळीचं पाणी तिथे उडतंच, शिवाय मागे कधीतरी चौकटीच्या बुडाला सिमेंट थापलेलं. पाणी आत जायचं आणि तिथेच राहायचं. लाकूड बिचारं काय करील?

सरकत्या खिडकीची एक बाजू कायम बंदच राहते, अर्धाच वारा. जुन्या खिडकीला झडपा चार. खालच्या दोन मिटल्या आणि वरच्या उघड्या ठेवल्या की वारा येतो, पण रस्त्यावरच्याची नजर आत येत नाही. लुगडं बदलताना, बाळंतीण निजलेली असताना याची किंमत कळते. ती पुरुषांना सांगून कळत नाही.

पण खोलीत अंधार असतो, हे मुलाचं म्हणणं खरंच होतं. म्हणून वरच्या झडपांच्या फळ्या काढून काच बसवली. डासांसाठी आतून लाकडी पट्ट्यांची जाळी केली.

कुजलेल्या दोन खिडक्या सुताराने जुन्याच मापाच्या नव्या केल्या. लाकूड पडलेल्या गोठ्याच्या वाशांचं, गज आणि बिजागऱ्या जुन्याच. बाकीच्या पाचांना घासून जवसाचं तेल दिलं. भिंतीत जाणाऱ्या बाजूला काजूच्या टरफलांचं तेल लावलं, त्याने वाळवी लागत नाही. मात्र हाताला प्लास्टिक बांधा आणि पोरांना लांब ठेवा. कातडी भाजते, आमच्या एकीची भाजली. चौकटीखालचं सिमेंट फोडून चुना भरला आणि खालच्या पट्टीला बाहेर उतार दिला.

खर्च 17 हजार आला. गटाने 20 हजारच दिले होते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आषाढात एक झडप फुगून अडकली. ती म्हणे, लगेच रंधा मारून घेते. सुतारानेच थांबवलं. ओल्यात तासली तर उन्हाळ्यात बोटभर फट पडते. दिवाळीनंतर मारला.

सासूबाई आता बोलतात. जाळीमुळे पानाची पिंक टाकता येत नाही, एवढी एकच तक्रार रोज ऐकवतात.